दुसऱ्या मुलीनंतरचे नैराश्य : दोष मेंदूचा की घराचा?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपल्या धाकट्या बहिणीला दुसरी मुलगी होऊन चार महिने झाले. बाळंतपणानंतर तिसऱ्या आठवड्यापासून तिची झोप उडाली, जेवण नकोसे झाले, बाळाला उचलताना हात थरथरू लागले आणि ‘मी कुणाच्याच कामाची नाही’ असे ती वारंवार म्हणू लागली. तालुक्याच्या ठिकाणच्या मनोविकारतज्ज्ञांनी नैराश्याचे निदान करून गोळ्या सुरू केल्या. त्यावर सासरची मंडळी म्हणतात की ज्या अर्थी गोळ्या दिल्या त्या अर्थी हा मेंदूचा आजार आहे, आमच्या वागण्याशी त्याचा संबंध नाही. आपल्या आईचे म्हणणे नेमके उलटे आहे : हा आजार नाहीच, मुलगी झाली म्हणून घरात जे बोलणे चालले आहे त्याचा हा परिणाम आहे, तेव्हा गोळ्या थांबवून तिला माहेरी आणावे. या दोहोंत खरे कोण, आणि कारण घरात असेल तर गोळ्यांनी काय साधणार, असे आपण विचारले आहे.

गेली 26 वर्षे जिल्ह्याच्या ठिकाणी मी मनोविकारांवर उपचार करते आहे आणि हा वाद महिन्यातून एकदा तरी माझ्यासमोर होतो. दोन्ही बाजू एकच गोष्ट गृहीत धरतात : आजार असेल तर परिस्थिती निर्दोष आणि परिस्थिती दोषी असेल तर आजार खोटा. शरीराच्या आजारांत आपण असा विचार करत नाही. क्षयरोग जंतूंमुळे होतो आणि औषधांनी बरा होतो, हे सर्वांना ठाऊक आहे. तरीही कोंदट खोली आणि अर्धपोटी राहणे यांमुळे तो बळावतो, हे कोणी नाकारत नाही. झारखंडमध्ये क्षयरुग्णांच्या घरच्या माणसांना दरमहा पोषक शिधा देऊन पाहिला, तेव्हा त्या घरांत नव्याने क्षय होण्याचे प्रमाण सुमारे 40 टक्क्यांनी घटले, असे 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. तेथे शिधा हाही उपचारच होता. आपल्या बहिणीचा आजार खरा आहे, त्यावर औषध लागते, आणि तो ज्या घरात उपजला व वाढला त्या घरात बदल करणे हाही त्या उपचाराचाच भाग आहे.

हे मी केवळ अनुभवावरून सांगत नाही. बाळंतपणानंतरच्या नैराश्यावर आपल्याकडे झालेला एक महत्त्वाचा अभ्यास गोव्यात म्हापसा येथील रुग्णालयात झाला आणि 2002 मध्ये प्रसिद्ध झाला. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत असलेल्या 270 स्त्रियांची नोंद करून बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी आणि पुन्हा सहा महिन्यांनी त्यांची तपासणी केली गेली. पहिल्या तपासणीत 23 टक्के स्त्रियांना नैराश्य होते आणि त्यांतील निम्म्याहून अधिक सहा महिन्यांनीही बऱ्या झालेल्या नव्हत्या. नैराश्य आलेल्यांपैकी बहुतेकींना मानसिक त्रास गरोदरपणातच सुरू झाला होता, म्हणजे बाळंत होईपर्यंत वाट पाहण्याचे कारण नव्हते. फक्त त्यांना कोणी विचारले नव्हते. आजार होण्यात आणि तो लांबण्यात गरिबी व नवऱ्याशी बिघडलेले संबंध या दोन गोष्टींचा वाटा मोठा होता. बाळ मुलगा आहे की मुलगी, यालाही महत्त्व होते, आणि ते कसे होते हे समजून घेण्यासारखे आहे. घरात उपासमार किंवा मारहाण असेल तेव्हा मुलगा झालेल्या स्त्रीवर तिचा परिणाम वेगळा होत होता आणि मुलगी झालेल्या स्त्रीवर वेगळा. तेच घर, तोच नवरा आणि तीच चणचण असताना मुलाची आई काहीशी सावरली जात होती आणि मुलीच्या आईवर तोच भार अधिक जड पडत होता. मुलीच्या जन्माने कोणत्याही आईच्या मेंदूत बिघाड होत नाही. तिच्या जन्माला घराने दिलेला अर्थ आईच्या अंगावर येतो.

तो अर्थ आपल्या मुलखात किती उघडपणे दिला जातो, हे सातारा जिल्ह्याने पाहिले आहे. 2011 मध्ये तेथे ‘नकोशी’ किंवा त्याच अर्थाचे नाव मिळालेल्या 285 मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली. त्या मुलींविषयी तेव्हा पुष्कळ लिहिले गेले आणि ते योग्यच होते. माझ्या मनात मात्र तेव्हापासून त्यांच्या आया आहेत. बारशाला पाळण्यातल्या मुलीच्या कानात ते नाव सांगितले गेले, तेव्हा बाजूला बसलेल्या त्या ओल्या बाळंतिणीने काय ऐकले असेल? आपल्या बहिणीच्या धाकट्या मुलीचे बारसे झाले का, आणि थोरलीच्या वेळी जेवढे झाले होते तेवढे झाले का, हे आपण लिहिलेले नाही. मी तिला तपासत असते तर हा प्रश्न पहिल्या पाचांत विचारला असता.

बाहेरची परिस्थिती नेमकी कोणत्या वाटेने आजार बनते, याचा कसून शोध लंडनमध्ये जॉर्ज ब्राऊन आणि टिरिल हॅरिस या समाजशास्त्रज्ञांनी घेतला. कॅम्बरवेल भागातील स्त्रियांच्या घरी जाऊन त्यांनी तासन्‌तास मुलाखती घेतल्या आणि 1978 मध्ये निष्कर्ष मांडले. मोठे संकट आले म्हणजे प्रत्येकीला नैराश्य येत नव्हते. जिच्याजवळ मन मोकळे करता येईल असे जवळचे माणूस नव्हते, जिच्या घरात लहान मुले तीन किंवा अधिक होती, जिला घराबाहेर काम नव्हते किंवा जिची आई लहानपणीच गेली होती, ती संकटाखाली लवकर मोडत होती. पुढे 1995 च्या सुमारास ब्राऊन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली, आणि मला ती माझ्या ओपीडीत रोज आठवते. नुसत्या दुःखापेक्षा अपमान आणि कोंडी या दोन गोष्टी नैराश्याला अधिक कारण ठरतात. माणूस गेल्याचे दुःख जबर असते, पण त्या दुःखात लोक जवळ येतात. अपमानात तीच माणसे दूर होतात, आणि कोंडीत पुढे काहीच बदलणार नाही अशी खात्री वाटू लागते.

दुसऱ्या मुलीनंतरची कोंडी कशी असते, ते बाहेरच्या माणसाला सहसा दिसत नाही. ‘घरात तिला काही कमी नाही’ हे वाक्य मी असंख्य वेळा ऐकले आहे आणि ते पुष्कळदा खरेही असते : खायला-प्यायला असते, हात उगारला जात नाही, नवरा दारूला शिवत नाही. अशाच एका घरातली बाई माझ्यासमोर दोन भेटींत फक्त रडली. तिसऱ्या भेटीत, सासू बाहेर बसलेली असताना, ती म्हणाली, ‘ऑपरेशन करू देत नाहीत.’ एवढेच. तिचे दुसरे बाळंतपण अवघड झाले होते, रक्त चढवावे लागले होते, आणि मुलगा होईपर्यंत कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया करायची नाही हे घरात ठरून गेले होते. ठरवताना तिला कोणी विचारले नव्हते. दर महिन्याला पाळी येईपर्यंत तिचा जीव टांगणीला लागायचा आणि रात्री नवरा जवळ आला की छातीत धडधडायचे. तिला कोणी एक शब्द टाकून बोलले नव्हते, तरी ती पूर्ण कोंडलेली होती. तिच्या नैराश्यावर गोळ्यांइतकाच उपयोग तांबीचा झाला. तांबी काढता येते, त्यामुळे नवऱ्याने ती मान्य केली, आणि निदान काही वर्षांचा श्वास तिला मिळाला.

ही कोंडी शरीरात उतरते. धोका समोर असल्याची जाणीव दिवसरात्र कायम राहिली की ताणाच्या संप्रेरकांची रोजची लय बिघडते, झोप उथळ होते, आणि झोप बिघडली की मनावरचा ताबा आणखी सुटतो. त्यात बाळंतपणानंतर काही दिवसांत संप्रेरकांची पातळी झपाट्याने खाली येते, रात्री दर दोन-तीन तासांनी पाजावे लागते, आणि अंगात रक्त कमी असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत महाराष्ट्रातील 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. घरात शेवटी जेवायचे, उरलेले जेवायचे, ही रीत त्यामागे किती आहे हे मी वेगळे सांगायला नको. म्हणजे ज्याला आपण ‘शारीरिक कारण’ म्हणून बाजूला ठेवतो, त्या अशक्तपणातही घराची रीत मिसळलेली असते.

असा त्रास स्त्रिया मनाच्या भाषेत क्वचितच सांगतात. ‘उदास वाटते’ असे म्हणत माझ्याकडे येणारी बाळंतीण विरळा. हातपाय गळून जातात, डोक्यात मुंग्या येतात, कंबर धरते, दूध आटले, अंगावर पांढरे जाते, अशा तक्रारी असतात, आणि त्यांसाठी आधी दोन-तीन दवाखाने झालेले असतात. पांढरे जाण्याच्या तक्रारीवर गोव्यात अडीच हजारांच्या आसपास स्त्रियांचा अभ्यास झाला, तेव्हा या तक्रारीचा संबंध जंतुसंसर्गापेक्षा मानसिक त्रासाशी आणि घरातल्या ताणाशी अधिक आढळला. त्या बायका खोटे बोलत नव्हत्या. मनातले सांगण्याची सोय नसली की शरीराचेच सांगावे लागते, कारण शरीराच्या दुखण्याला घरातून दवाखान्याचे पैसे मिळतात. आपल्या बहिणीनेही अशा तक्रारी केल्या असतील तर त्यांना ‘नाटक’ म्हणू देऊ नका.

आता गोळ्यांविषयी. नैराश्याची औषधे सासू बदलत नाहीत हे आपल्या आईचे म्हणणे बरोबर आहे. पण झोप येणे, भूक लागणे, सकाळी उठवणे, बाळाकडे पाहून काही वाटणे, हे त्यांनी पुन्हा सुरू होते, आणि ज्या बाईला परिस्थितीशी दोन हात करायचे आहेत तिला हे आधी लागते. परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे जातात. बरे वाटू लागल्यावरही सहसा सहा महिने तरी ती चालू ठेवावी लागतात. अंगावर पाजणाऱ्या आईला देता येतील अशी औषधे आहेत, ती दुधात फार थोड्या प्रमाणात उतरतात आणि वर्षानुवर्षे वापरली गेली आहेत. आपल्या डॉक्टरांना बाळ अंगावर पिते का हे ठाऊक आहे ना, एवढे मात्र विचारून घ्या. आईचे ऐकून गोळ्या एकाएकी बंद करू नका. अशा वेळी आजार उलटतो, आणि मग सासरच्यांना ‘बघा, हिचे डोके मुळातच असे’ म्हणायला निमित्त मिळते.

सगळेच परिस्थितीवर टाकणेही धोक्याचे आहे. बाळंतपणानंतर थायरॉइडचा विकार होऊ शकतो आणि तो हुबेहूब नैराश्यासारखा दिसतो, म्हणून हिमोग्लोबिन आणि थायरॉइड या दोन तपासण्या झाल्या नसतील तर करून घ्या. दर हजार बाळंतिणींमागे एक-दोघींना पहिल्या काही आठवड्यांत तीव्र स्वरूपाचा आजार होतो : भास होतात, भलतेसलते संशय येतात, रात्र-रात्र झोप नसूनही अंगात विलक्षण जोर असतो, बोलणे तुटक होते. यात आनुवंशिकतेचा भाग मोठा असतो आणि तो अत्यंत प्रेमळ घरांतही होतो. वारे लागले, बाहेरचे झाले, म्हणून अंगारे लावण्यात त्याचे पहिले मोलाचे दिवस जातात. अशा बाळंतिणीला त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे लागते. आपण वर्णन केलेली लक्षणे या प्रकारची नाहीत.

मग घराचे काय करायचे? येथे मला रावळपिंडीजवळच्या खेड्यांतला एक प्रयोग महत्त्वाचा वाटतो, कारण तेथील एकत्र कुटुंब, सासूचा अधिकार आणि मुलाची आस आपल्याहून फार वेगळी नाही. आपल्याकडच्या आशाताईंसारख्या गावातल्याच आरोग्य सेविकांना अतिफ रहमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी समुपदेशनाचे साधे प्रशिक्षण दिले. या सेविका गरोदरपणाच्या शेवटच्या टप्प्यापासून घरी जात राहिल्या. 2008 मध्ये निष्कर्ष आले : बाळ सहा महिन्यांचे झाले तेव्हा या भेटी मिळालेल्या मातांपैकी 23 टक्क्यांना नैराश्य उरले होते, तर साध्या गृहभेटी मिळालेल्यांत ते 53 टक्क्यांना होते. त्या सेविकांची युक्ती मी उचलली आहे. त्या सुनेच्या आजाराविषयी बोलत घरात शिरत नसत. त्या बाळाच्या तब्येतीविषयी बोलत. बाळाचे भले व्हावे याबाबत घरात दुमत नसते, आणि आई झोपली, जेवली, हसली तर बाळ वाढते हे सासूलाही पटते. ते खरेही आहे : गोव्यातल्याच मातांच्या बाळांची पाहणी झाली तेव्हा नैराश्य असलेल्या आयांची बाळे सहा महिन्यांना वजनात मागे पडण्याचा धोका अधिक आढळला.

म्हणून पुढच्या भेटीला भावोजींना आणि त्यांच्या आईंना बरोबर न्या, आणि डॉक्टरांनी त्यांच्याशी वेगळे बोलावे अशी विनंती करा. मी सासूबाईंना आत बोलावते तेव्हा आधी त्यांच्याच बाळंतपणांविषयी विचारते. किती झाली, कोण होते जवळ, किती दिवसांनी शेतावर गेलात? पुष्कळदा त्यांचे डोळे भरून येतात, कारण हे त्यांनाही आजवर कोणी विचारलेले नसते. ज्या बाईची घरातली किंमत मुलगा झाल्यावरच ठरली, तिला सुनेच्या बाबतीत दुसरी मोजपट्टी ठाऊक नसते. त्यांना खलनायिका ठरवून कोणत्याही सुनेचे दुखणे कमी झालेले मी पाहिलेले नाही. मग मी दोन गोष्टी स्पष्ट सांगते. मुलगा की मुलगी हे पुरुषाच्या बीजावर ठरते, बाईच्या हातात त्यातले काही नसते. आणि रात्रीची एक पाळी, पाच तासांची सलग झोप मिळेल अशी, दुसऱ्या कोणी घेतली तर औषधाने निम्म्या वेळात काम केल्यासारखे वाटेल. पाच तासांची झोप हे मागणे लहान असते, त्यामुळे ते मान्य होते, आणि एकदा मान्य झाले की त्या घरात सुनेसाठी काहीतरी करण्याची सवय सुरू होते.

नवऱ्याशी बोलणे याहून अवघड असते, पण टाळता येत नाही. त्याने आईशी भांडावे अशी माझी अपेक्षा नसते. ‘दोन मुली पुरे’ हे वाक्य त्याने बायकोच्या देखत, घरातल्या मोठ्यांसमोर एकदा म्हणावे, एवढे मी सुचवते. निर्णय पक्का होत नसेल तर निदान पुढच्या तीन वर्षांसाठी तांबी किंवा सरकारी दवाखान्यात मिळणारे ‘अंतरा’ इंजेक्शन यांपैकी तिला चालेल ते निवडावे. यात तिचा शब्द शेवटचा असावा.

तिला माहेरी आणावे का, या प्रश्नाला सरसकट उत्तर नाही. पंधरा दिवस ते महिनाभर, झोप आणि जेवण सावरण्यासाठी, थोरलीची शाळा-अंगणवाडी न मोडता आणता येत असेल तर आणा, आणि आणतानाच परत जाण्याचा दिवस सांगा. भांडून आणलेली बाळंतीण माहेरीही कोंडलेलीच राहते, कारण परतण्याची भीती रोज वाढत जाते. मारहाण होत असेल तर हे सगळे बाजूला ठेवावे लागते. महाराष्ट्रात साधारणतः चार विवाहित स्त्रियांपैकी एकीने नवऱ्याची मारहाण सोसलेली असते, असे त्याच राष्ट्रीय सर्वेक्षणात दिसते, तेव्हा ‘आमच्यात असले काही नाही’ असे धरून चालू नका. तिला एकटीला, फोनवर नव्हे, समोर बसून विचारा. तसे असेल तर 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते, आणि महिलांसाठीच्या 181 क्रमांकावर मदत मिळते. तेथे मी मध्यस्थीचा सल्ला देत नाही.

आपण स्वतः भाऊ म्हणून काय करू शकता, हे आपण विचारले नाही, तरी सांगते. आठवड्यातून दोन ठरलेल्या वेळी तिला फोन करा, आणि ‘आता बरी आहेस ना’ असे विचारू नका, कारण त्याला ‘हो’ शिवाय उत्तर नसते. काल रात्री किती वेळ झोप मिळाली, काय जेवलीस, बाळ तुझ्याकडे पाहून हसते का, असे विचारा. आपण तिच्या घरी जाल तेव्हा धाकटीसाठी झबले न्या, थोरलीच्या वेळी जे नेले होते तेच सगळे न्या, आणि मामा म्हणून तिला सर्वांसमोर मांडीवर घ्या.

आणि ‘माझ्यावाचून मुलींचे बरे होईल’, ‘झोपले की उठूच नये’ अशा अर्थाचे ती काही बोलली, तर तिला थेट विचारा की जीव नकोसा झाला आहे का. विचारल्याने तो विचार तिच्या डोक्यात भरवला जात नाही. पुष्कळ जणींना कोणी विचारल्याचेच हायसे वाटते. उत्तर ‘हो’ आले तर तिला एकटी ठेवू नका, बाळाजवळही कोणीतरी असू द्या, आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. रात्रीची वेळ असेल आणि काय करावे सुचत नसेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, तेथे मराठीत बोलता येते.